धामणखेडची खातरजमा

सलग पाचव्या यादीत धामणखेडचं नाव पहिलं आलं, तेव्हा हर्षदा गावंडेच्या मनात शंकेची पाल नुसती चुकचुकली नाही, ती तिथे मुक्कामालाच आली.

एकदा, दोनदा समजण्यासारखं होतं. पण पाचव्यांदा? अंजनपूर जिल्ह्यात तालुके सात. वीज काढायची ती रोज दोघांची. दुसरं नाव बदलत होतं, पहिलं मात्र जागचं हलायला तयार नव्हतं. 'धामणखेड. सकाळी अकरा ते सायंकाळी पाच. अपेक्षित मृत्यू : शून्य.' आणि शेजारचा शिरजवळा तालुका, ज्याचे आमदार मंत्रिमंडळात बसत होते, तो एकाही यादीत आला नव्हता. धामणखेडचे आमदार विरोधी बाकावरचे. एवढं कळायला निवासी उपजिल्हाधिकारी असायची गरज नव्हती. हर्षदा तर निवासी उपजिल्हाधिकारीच होती.

त्यातून सध्या अख्ख्या जिल्ह्याचा भार तिच्या डोक्यावर होता. कलेक्टर साहेब पाहणी दौऱ्यात चक्कर येऊन पडले होते आणि नागपूरला सलाईन घेत होते. उद्याच्या यादीच्या अंमलबजावणीवर संध्याकाळी सहापर्यंत तिची सही लागणार होती. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

साल २०४३, मे महिन्याचा तिसरा आठवडा. विदर्भावर उष्ण हवेचं झाकण बसून सोळा दिवस झाले होते. पारा एकोणपन्नासच्या खाली यायचं नाव घेत नव्हता. धरणांत गाळ तेवढा उरला होता, आणि औष्णिक वीज केंद्रांना यंत्रं गार ठेवायला पाणीच नसल्याने त्यांतली निम्मी बंद पडली होती. वीज पुरत नव्हती, आणि विजेवाचून माणूस जगत नव्हता. अशा वेळी सरकारला रोज एकच प्रश्न सोडवायचा होता. उद्या कुणाचा पंखा बंद करायचा?

पूर्वी हा प्रश्न फोनवर सुटायचा. ज्याचा फोन वजनदार, त्याचा पंखा चालू. त्यातून झालेली बदनामी पुरे झाली म्हणून सरकारने 'समतोल' आणला. समतोल म्हणजे मंत्रालयातल्या एका थंडगार खोलीतलं यंत्र. राज्यातल्या प्रत्येक घराची एक प्रतिकृती त्याच्या पोटात होती. भिंती कशाच्या, छत पत्र्याचं की सिमेंटचं, घरात म्हातारी माणसं किती, पंखा किती वेळ चालतो, हे सगळं त्याला ठाऊक. कुठली वीज काढली तर कुठल्या घरात दुपारी तीनला किती तापमान होईल आणि त्यात कोण दगावेल, याचं गणित ते रात्रभर मांडायचं. मग ज्या यादीत सगळ्यांत कमी माणसं मरतील ती यादी सकाळी साडेअकराला जिल्ह्यांना धाडायचं. यादीत फेरफार करायचा अधिकार जिल्ह्याला ठेवलाच नव्हता. प्रत्येक कलेक्टर आपल्यालाच वाचवणार, हा सरकारचा संशय, आणि तो काही अगदीच चुकीचा नव्हता. सहीला नकार दिला तरी वरच्या सहीने अंमल व्हायचाच.

हे सगळं हर्षदाला मान्य होतं. यंत्राला जात नाही, मेहुणा नाही, मतदारसंघ नाही, असं तिने स्वतःच तलाठ्यांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण आज सकाळी ढोकेबाबूंचा निरोप आला होता.

ज्ञानेश्वर ढोके म्हणजे धामणखेड तहसीलचे निवृत्त अव्वल कारकून. हर्षदा तिथे तहसीलदार होती, तेव्हा कोणत्या फाइलवर काय लिहायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय लिहायचं नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं. निरोपात त्यांचा आवाज नेहमीसारखाच सावकाश होता. "मॅडम, तीन दिवसांत नऊ माणसं गेली इथं. कागदावर एकबी नाही. सगळे म्हातारपणानं मेले म्हणून लिहून राह्यले."

तिने मुंबईला, समतोल कक्षाच्या प्रमुख डॉ. विभावरी केतकरांना फोन लावला. यंत्र त्यांनीच घडवलं होतं.

"मॅडम, स्पष्टच विचारते. या यादीत कुणी हात घालतं का?"

पलीकडून थकलेलं हसू आलं. "हा प्रश्न मला रोज छत्तीस जिल्ह्यांतून येतो. काल शिरजवळ्याहूनही आला होता. आमच्या मंत्र्यांना बदनाम करायला आमची वीज मुद्दाम चालू ठेवता का, असं विचारत होते."

"मग धामणखेडच का?"

"कारण पाठवते. एकाच शब्दाचं आहे. गारछत."

हर्षदाने फोन ठेवला. तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं, आणि तिने ते नीट आठवू दिलं नाही.

गारछत ही चांगलीच वस्तू होती. दोन फूट लांबीरुंदीची पांढरी लादी. वरचा थर असा की तो उष्णता हवेला देतच नाही, थेट आकाशाकडे फेकतो. आतल्या पोकळीत एक क्षार. रात्री तो गोठून घट्ट व्हायचा आणि दिवसा घरातली उष्णता पीत हळूहळू वितळायचा. पत्र्यावर लोखंडी चौकटीत अशा बारा लाद्या बसवल्या की विजेशिवाय एक खोली संध्याकाळपर्यंत एकतीस-बत्तीसवर राहायची. सरकारने २०४० साली निवडक तालुक्यांत ही योजना राबवली. आणि संकटात जिथे माणसं विजेवाचून तगतील तिथली वीज आधी काढावी, हे धोरण तर एखाद्या शहाण्या आजीनेही काढलं असतं.

केतकरांचा कागद तिने गाडीत वाचला. 'धामणखेड : गारछत ९८.७ टक्के घरांत कार्यरत. दुजोरा : दुपारचा वीजवापर अत्यल्प, म्हणजे छत काम करत आहे. नोंदलेले उष्माबळी : शून्य. शिरजवळा : गारछत शून्य टक्के.'

तिला क्षणभर हायसं वाटलं. म्हणजे राजकारण नव्हतं. मग लगेच संशयाने दिशा बदलली. ढोकेबाबू कशावरून खरं बोलत होते? निवृत्तीनंतर ते आमदारांच्या बैठकीला बसायला लागल्याचं तिच्या कानावर आलं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून कुणीतरी भलतंच वदवून घेत असेल. तिने चालक इंगळेला गाडी धामणखेडकडे घ्यायला सांगितली. अडतीस किलोमीटर. वाटेत एक माणूस दिसला नाही, कुत्रंसुद्धा नाही.

दोन वाजता ती ढोकेबाबूंच्या दारात उभी होती. पत्र्याचं घर, दोन खोल्या. वीज अकरालाच गेलेली. आत शिरताच अंगावर वाफ आली. कोपऱ्यातल्या खाटेवर ढोकेबाबूंची बायको, शोभाताई, पडून होती. अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं झाली होती. अंगावर ओलं लुगडं पांघरलेलं. ढोकेबाबू बनियनवर बसून पुठ्ठ्याने वारा घालत होते.

"या मॅडम. खुर्ची नका घेऊ, लोखंडी हाय, चटका बसते. तिकडं बसा."

त्यांनी दाखवलेल्या ओट्यावर ती बसली. वर सतरंजी होती. समोर भिंतीवर घड्याळ होतं. निवृत्तीच्या दिवशी तहसीलने दिलेलं, तिच्याच हस्ते दिलेलं. वेळेखाली त्यात तापमानही दिसायचं. त्रेचाळीस.

"वहिनी कशा आहेत?"

"बोलणं बंद केलं कालपासून. पाणी पाजलं तं गिळते." त्यांचा हात थांबला नाही. "शेजारच्या मोहोडाची आई गेली परवा. पलीकडचा भीमराव गेला. डॉक्टरनं लिहिलं, हृदयक्रिया बंद. आता मेल्यावर ते बंदच होते ना बाप्पा, चालू कशी राहीन?"

"पण ढोकेबाबू, गारछत आहे ना इथे? अठ्ठ्याण्णव टक्के घरांत. माझ्याकडे कागद आहे."

ढोकेबाबूंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"कशावर बसल्या तुम्ही, पाह्यलं का?"

तिने सतरंजीचं टोक उचललं. खाली पांढऱ्या लाद्या रचलेल्या होत्या, एकावर एक. तिने मोजल्या. बारा होत्या.

"तीन वर्षं झाले, छताची वाट पाहून राह्यल्या. चौकटीबगर लावता येत नाही, वीस किलोची एक हाय. पत्रा खाली येईन. मोहोडाच्या घरी त्यायचं न्हाणीघर केलं. शाळेत पोरं बसतात त्यावर. सगळ्या गावात हेच हाय मॅडम."

"मग तो दाखला कुणी..." असं म्हणता म्हणताच ती थांबली. सकाळपासून जे आठवू दिलं नव्हतं ते आता दारात येऊन उभं राहिलं.

"म्या कागद समोर ठेवले," ढोकेबाबू म्हणाले, "सही तुमची हाय."

एकतीस मार्च २०४०. लाद्यांचे ट्रक तीन दिवसांपूर्वी आले होते, लोखंडी चौकटी मात्र एप्रिलमध्ये येणार होत्या. एकतीस मार्चच्या आत पूर्णत्वाचा दाखला गेला नाही तर निधी परत जाणार, आणि आलेल्या लाद्याही परत जाणार. असं दरवर्षी होतं, आणि त्यावरचा उपायही दरवर्षीचाच असतो. काम होणारच आहे ना, मग झालं असं आजच लिहून टाकायचं. यात कुणी पैसे खात नाही, कुणाचं वाईट चिंतत नाही. उलट लोकांच्या तोंडचा घास जाऊ नये म्हणूनच तर हे करायचं असतं.

त्या संध्याकाळी तहसीलमधली चौदा माणसं मतदार यादी समोर घेऊन बसली. आलुबोंडे मागवले होते. अकरा हजार दोनशे घरं. प्रत्येक घरापुढे 'बसवले, कार्यरत, समाधानकारक' अशा तीन खुणा. दोन तास दहा मिनिटांत काम फत्ते. शेवटी ढोकेबाबूंनीच सांगितलं होतं, "शंभर टक्के नका लिहू मॅडम, शंका येते. थोडे प्रगतीत ठेवा." म्हणून अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात.

शिरजवळ्याला तेव्हा भुसारी नावाचा तहसीलदार होता. त्याने 'चौकटी प्राप्त नाहीत, काम शून्य टक्के' असं लिहून पाठवलं. निधी परत गेला, लाद्याही गेल्या. मंत्र्यांनी त्याला कुठल्याशा कोपऱ्यातल्या जागेवर बसवलं, आणि जिल्ह्यातले सगळे अधिकारी वर्षभर त्याच्यावर हसले. हर्षदाही हसली होती. त्या शून्यामुळेच आज शिरजवळ्याचे पंखे चालू होते.

आणि अजून एक. दाखला गेल्यावर आठवड्याने समतोलकडून एक पृच्छा आली होती. यंत्र तेव्हा नवं होतं, कुणी फारसं मनावर घेत नसे. '११,२०० नोंदी दोन तास दहा मिनिटांत झालेल्या दिसतात. कृपया खातरजमा व्हावी.' हर्षदाने उत्तर दिलं होतं, 'खातरजमा केली. माहिती बरोबर आहे.' मे महिन्यात तिची बढतीवर बदली झाली. ठेकेदाराला दाखला मिळालेलाच होता. चौकटी घेऊन परत येण्याचं त्याला काही कारण उरलं नाही.

सकाळपासून ती मंत्र्यांवर, केतकरांवर आणि या म्हाताऱ्या माणसावर संशय घेत हिंडत होती. एवढ्या सगळ्यांत एकटी ती तेवढी सुटली होती. तिला स्वतःची शिसारी आली.

तिने तिथूनच केतकरांना पुन्हा फोन लावला. चुकीची नोंद दुरुस्त कशी करायची?

"दोन वाटा आहेत," केतकर म्हणाल्या. "सध्याच्या तहसीलदाराने नव्याने पडताळणी करून कळवायचं. किंवा ज्याने दाखला दिला त्याने तो मागे घ्यायचा. दुसरं आजवर झालेलं नाही."

दुसऱ्या वाटेचा अर्थ हर्षदाला ठाऊक होता. खोटा दाखला दिल्याची लेखी कबुली. निलंबन, चौकशी, आणि त्या नऊ माणसांचा हिशेब. घरी मुलीची बारावी, नवऱ्याचं बंद पडलेलं दुकान, एका पगारावर चाललेला संसार. पहिली वाट स्वच्छ होती. नवा तहसीलदार कळवेल की छतं नाहीत, यंत्र नाव काढेल, जुना दाखला नस्तीत झोपून राहील. तिने पहिली वाट धरली. एवढं तरी करायला काय हरकत होती?

दोन चाळीसला तिने धामणखेडचे तहसीलदार सावळकर यांना आदेश पाठवला. 'तालुक्यातील गारछतांची घरोघरी प्रत्यक्ष पडताळणी करून पाचपर्यंत कळवावे. अतितातडीचे.' शंभर तलाठी-कोतवाल, सेविका, शिक्षक, सगळ्यांना कामाला लावा, असंही खाली लिहिलं.

मग ती खाटेपाशी गेली आणि ढोकेबाबूंच्या हातातला पुठ्ठा घेतला. शोभाताईचे ओठ सुकून भेगाळले होते. याच बाईने ती नवीन असताना डब्यातून झुणका पाठवला होता, आठवड्यातून दोनदा तरी. तिने चमच्याने पाणी पाजलं. अर्धं आत गेलं, अर्धं उशीवर.

दोन एक्कावन्नला फोन वाजला. सावळकरांचा अहवाल आला होता.

अकरा मिनिटं झाली होती.

'घरोघरी पडताळणी पूर्ण. गारछत १०० टक्के कार्यरत. खातरजमा केली. माहिती बरोबर आहे.'

खाली घरांची यादी होती. तिने नाव शोधलं. 'ढोके ज्ञानेश्वर. लाद्या बारा, बसवलेल्या. खोलीचे तापमान एकतीस. कुटुंबीय समाधानी.'

तिने समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. चव्वेचाळीस झालं होतं. घरात कुणी आलं नव्हतं, गल्लीतही कुणी फिरकलं नव्हतं. तिने फोन ढोकेबाबूंपुढे धरला. चष्मा लावून त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"आजकालच्या पोट्ट्यायले लिहाचीबी अक्कल नाही," ते म्हणाले. "शंभर टक्के!"

मग ते हसायला लागले, आणि हसता हसताच त्यांनी तोंड पंच्यात खुपसलं. हर्षदाही रडली. सावळकरवर चिडायचं तिच्या जिवावर आलं. त्या पोराने तिचंच वाक्य तिला परत पाठवलं होतं.

फोनच्या पडद्यावर, समतोलच्या नकाशात, धामणखेडचा चौकोन आणखी हिरवा झाला होता. आता यंत्राला दुहेरी खात्री होती. उद्याच नव्हे, हे झाकण उठेपर्यंत रोज पहिलं नाव हेच येणार होतं.

तीन वीसला तिने समतोलमध्ये स्वतःचं नाव घातलं आणि तो दाखला उघडला. 'दाखला मागे घ्यायचा आहे का?' हो. 'कारण?' तिने लिहिलं, 'मी दिलेली माहिती खोटी होती.' पुढचा प्रश्न आला, 'ही नवी माहिती कशाच्या आधारे?' खाली पर्याय होते. अहवाल, पंचनामा, दूरध्वनी, इतर. तिने 'इतर' निवडलं आणि लिहिलं, 'मी या घरात बसले आहे.' मग अंगठा टेकवला.

दहाएक मिनिटं काही झालं नाही. नंतर केतकरांचाच फोन आला. आवाजातला थकवा पार गेलेला होता.

"गावंडेमॅडम, तुम्ही काय केलंत कळतंय का? राज्याची यादी कोरी झालीय."

"मी फक्त धामणखेड..."

"ते तसा विचार करत नाही. प्रत्येक दाखल्याला ते वजन देतं, तशा प्रकारचे दाखले पूर्वी किती खरे ठरले त्यावरून. तीन वर्षांत एकही दाखला मागे घेतला गेला नव्हता, म्हणून सगळ्यांना पूर्ण वजन होतं. आज पहिला खोटा निघाला. त्याने लगेच त्याची भावंडं शोधली. तारीख एकतीस मार्च, नोंदी दोन-तीन तासांत, उत्तर 'खातरजमा केली'. असे दोनशे बारा तालुके निघालेत."

"म्हणजे त्याला आधीपासून दिसत होतं?"

"नमुना दिसत होता. तो नमुना म्हणजे खोटं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं होतं त्याने. तुम्ही सगळ्यांनी बरोबर आहे म्हणून कळवलंत. संशय घ्यायला त्याला शिकवावं लागतं. आज तुम्ही शिकवलंत."

चारला पाच कमी असताना प्रधान सचिव कारखानीसांचा फोन आला. आवाज गोड होता, आणि तेच हर्षदाला खटकलं.

"गावंडे, हे कुणाच्या सांगण्यावरून केलंत? तिथल्या आमदारांच्या?"

"कुणाच्याही नाही साहेब. सही माझी होती, मीच मागे घेतली."

"बरं, असू दे. ऐका. धामणखेड मी माझ्या अधिकारात वगळतो. उद्या, परवा, उन्हाळा संपेपर्यंत. तुमची माणसं सुरक्षित. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. तुम्ही फक्त एक ओळ लिहा, दाखला नजरचुकीने मागे घेतला गेला. यादी परत येईल. नाहीतर उद्या चार हजार मेगावॅट मी कुठून काढू? रुग्णालयांतून?"

हर्षदाने खाटेकडे पाहिलं. प्रस्ताव वाईट नव्हता, हेच त्यातलं वाईट होतं. शोभाताई वाचणार होती, मोहोडाचं घर वाचणार होतं, तिची नोकरी वाचणार होती. आणि उरलेल्या दोनशे अकरा तालुक्यांत कुणीतरी असंच पुठ्ठ्याने वारा घालत बसलेलं असणार होतं. ते ठरवायला तिला कुठल्याही यंत्राची गरज नव्हती. ते अर्ज कसे भरले जातात हे ती बघून होती. आलुबोंड्यांसकट.

"कुठून काढायची ते मला माहीत नाही साहेब," ती म्हणाली. "पण जिथून काढत होतो तिथे माणसं मरताहेत. मी ओळ लिहिणार नाही."

"विचार करा. तुम्ही मुलीची आई आहात."

आपल्याला मुलगी आहे हे साहेबांना कसं ठाऊक, हा संशय तिच्या मनात आला आणि गेला. तिने फोन ठेवला.

पडद्यावर, म्हणजे राज्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या पडद्यावर, आता हिरवं, लाल काहीच नव्हतं. फक्त दोन ओळी होत्या. 'राज्यातील एकूण घरे : तीन कोटी बारा लाख. प्रत्यक्ष पाहिलेली घरे : १.'

ढोकेबाबूंनी तिच्या खांद्यावरून वाकून ते वाचलं. मग उठून त्यांनी खुंटीवरचा सदरा घातला, डोक्याला ओलं उपरणं गुंडाळलं आणि कपाटातून जुनी तहसीलची पिशवी काढली.

"ते एक म्हणजे आपलं घर ना?"

"हो."

"मग चला. मोहोडाचं पाहू."

"या उन्हात? ढोकेबाबू, तुमचं वय..."

"म्या चौदा माणसं बसवून अकरा हजार घरं भरली होती मॅडम. आता दोघं हाओ तं जेवढे होतीन तेवढे." मग दारातूनच ते खाटेकडे बघून म्हणाले, "येतो व. पाणी पेत राहा."

इंगळे ओलं फडकं घेऊन शोभाताईपाशी बसला. गाडीतला बर्फाचा डबाही त्याने आत आणला होता.

त्यांनी दारं वाजवली. लोक आधी उघडेनात. सरकारी गाडी पाहिली की या तालुक्यात सगळ्यांनाच संशय येतो. कुणी विचारलं, नाव लिहून काय कराल, रेशन बंद कराल? एका म्हातारीने तर स्पष्ट सांगितलं की मागे फोटो काढून नेले, छत काही आलं नाही. हर्षदा प्रत्येक घरात आत जाऊन बसली, पत्र्याला हात लावून चटका घेतला, तापमान वाचलं, घरातली माणसं मोजली. एका घराला पंधरा मिनिटं लागत होती. पाच वाजता वीज आली आणि गल्लीभर पंख्यांची घरघर सुरू झाली. इंगळेने निरोप पाठवला, वहिनींनी पाणी मागितलं, तोंडाने.

सहाला दहा कमी असताना सचिवांचा संदेश आला. दोन ओळींचा. 'उद्यापासून राज्यभर सर्वत्र, राजधानीसह, दोन-दोन तास. आपला निलंबन आदेश स्वतंत्रपणे येत आहे.'

तिने तो ढोकेबाबूंना वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली. कुठल्या ओळीला हलवली ते कळलं नाही.

नववं घर आटोपून दोघं एका निंबाखाली टेकली. हर्षदाने समतोल उघडला. 'प्रत्यक्ष पाहिलेली घरे : १४.'

तिने पुन्हा मोजलं. ढोकेबाबूंचं धरून त्यांची नऊ होती. वरची पाच कुणाची? मनातली पाल लगेच जागी झाली. आलं का पुन्हा कुणीतरी मतदार यादी समोर घेऊन बसलेलं?

तिने नोंदी उघडल्या. वेगळ्याच जिल्ह्यातल्या कुठल्या तरी लहानशा गावातल्या होत्या. नोंदणाऱ्याचं नाव, भुसारी. शिरजवळ्याला शून्य टक्के लिहिणारा तोच. आधार, 'इतर'. पहिली चार पन्नासला. मग पाच चारला, पाच एकोणीसला, पाच एकतीसला, पाच सत्तेचाळीसला.

"खरी असतील का हो?" तिने विचारलं.

ढोकेबाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या वेळा एकेक करून बोटाने मोजल्या. चाळीस वर्षं त्यांनी खोटे कागद तयार होताना पाहिले होते, कितीतरी स्वतःच केले होते.

"खरे हायेत मॅडम," ते म्हणाले. "खोटं भराले इतका वेळ लागत नाही."